हेमंतातला आहार घेतला, अटी मात्र सोडल्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पानांवर डिंकाचे लाडू, मेथीपाक, च्यवनप्राश यांची ‘आयुर्वेदात सांगितलेला हिवाळी आहार’ म्हणून शिफारस होऊ लागते. ही शिफारस चुकीची नाही, पण ती अर्धी आहे. जो अर्धा भाग छापायचा राहून जातो, त्याविषयी आमच्या बडोद्याच्या संदर्भात लिहावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाच्या सूत्रस्थानात, म्हणजे पहिल्या भागात, सहाव्या अध्यायात ऋतुचर्या, म्हणजे ऋतूनुसार आहार-विहाराचे नियम, आली आहे. बाहेरच्या गार वाऱ्यामुळे शरीरातील ऊष्मा आत कोंडला जातो, त्यामुळे बलवान माणसाचा जठराग्नी (पचनशक्ती) हेमंतात प्रखर होतो, आणि त्याला जोगते अन्न मिळाले नाही तर तो शरीरातील रसधातूच (अन्नापासून बनणारा पोषक रस) जाळू लागतो व वात वाढतो, अशी तेथील उपपत्ती आहे. म्हणून दूधदुभते, उसाचे पदार्थ, नव्या तांदळाचा भात, तेल आणि प्यायला ऊन पाणी यांचा उपदेश केला आहे. पण त्याच ओघात अंगाला व डोक्याला तेल लावणे, घाम काढणे आणि ऊन अंगावर घेणे हेही सांगितले आहे. शिवाय मुळात बोलणे चालले आहे ते ‘बलिनां’, म्हणजे अंगात बळ असलेल्यांविषयी.

याहून महत्त्वाची गोष्ट त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात, प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यांत मोडतो त्या मूत्रविकारांच्या, अध्यायात आहे. प्रमेहाची कारणे मोजताना तेथे दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची नावे येतात, आणि या सर्वांच्या आधी पहिले कारण दिले आहे ‘आस्यासुख’, म्हणजे बसून राहण्याचे सुख. त्याला लागूनच झोपेचे सुख. एके ठिकाणी पथ्य म्हणून सांगितलेले दूध, नवे धान्य आणि गोड हे दुसऱ्या ठिकाणी रोगाचे कारण ठरते, यात विसंगती काहीच नाही. मधला फरक खाणाऱ्याच्या अग्नीचा आणि हालचालीचा आहे, आणि आपण नेमका तोच फरक पुसून टाकला आहे.

आता बडोद्याकडे पाहू. येथे जानेवारीतही पहाटे पारा बहुधा दहा ते चौदा अंशांच्या दरम्यान असतो आणि दुपारी अठ्ठावीस-तीस अंशांवर जातो; कार्यालयांत पंखे पूर्ण बंद होतात असे दिवस थोडेच. दिवाळी सरली की मांडवीपासून नव्या वस्त्यांपर्यंत सगळ्या मिठाईवाल्यांकडे अडदिया (उडदाच्या पिठाची मिठाई), गुंदरपाक (डिंकाचा पाक), मेथीपाक यांची ताटे लागतात, आणि आमच्या मराठी घरांत त्यांच्या जोडीला डिंकाचे व अळिवाचे लाडू असतातच. शेजारधर्माने दोन्हीकडचे डबे दोन्हीकडे जातात, त्यामुळे एका घराला दोन प्रांतांचा हिवाळा खावा लागतो. हिमालयाच्या कुशीत जमलेल्या ऋषींच्या चर्चेतून ज्या शास्त्राचा उगम सांगितला जातो, तेच शास्त्र देशाच्या गुणांच्या विरुद्ध गुणाचा आहार-विहार सात्म्य, म्हणजे मानवणारा, मानावा, असे म्हणते. तेव्हा बडोद्याच्या मवाळ थंडीत दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याने काश्मीरच्या थंडीला साजेसा खुराक घेणे हे त्या शास्त्राला धरून नाही.

आयुर्वेदाचा दुसरा प्राचीन ग्रंथकार वाग्भट याने आपल्या अष्टांगहृदयात व्यायामाचे प्रमाण स्पष्ट सांगितले आहे: बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यांनी थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा. अर्धी शक्ती कशी ओळखावी याची खूण प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताने दिली आहे. व्यायाम करताना श्वास तोंडाशी येऊ लागला की तेवढे पुरे. स्निग्ध आहार आणि व्यायाम ही जोडी शास्त्रानेच बांधलेली आहे, आणि बडोद्याला ती नवी वाटण्याचे कारण नाही. व्यायामगुरू राजरत्न प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे हे गाव आहे. मराठीतील व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड याच गावात सिद्ध झाले. त्या तालमीच्या परंपरेत खुराक आणि मेहनत यांची फारकत कोणी केली नसती. आज कमाटीबागेत पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी असते ही चांगली गोष्ट आहे, पण रविवारी फाटकाबाहेर पडताच फाफडा-जलेबीपाशी त्याहून मोठी गर्दी दिसते, तिचा हिशेबही कधी तरी मांडायला हवा.

अभ्यंगाबाबत, म्हणजे अंगाला तेल लावण्याबाबत, तर आपण नरकचतुर्दशीला उटणे लावतो आणि वर्षभराचे देणे फेडल्यासारखे मोकळे होतो. खरे तर अभ्यंगाची गरज त्या दिवशी सुरू होते. घाण्याच्या तिळाच्या तेलाची वाटी ऊन पाण्याच्या तांब्यात ठेवली की तेल हवे तेवढे कोमट होते. रोज सर्वांगाला लावायला सवड नसेल तर वाग्भटाने खास नावे घेतलेल्या तीन जागी, म्हणजे डोके, कान आणि तळपाय येथे, ते जरूर लावावे. सर्दी-कफ झालेल्याने, अजीर्ण झालेल्याने आणि नुकतेच शोधन (वमन-विरेचनासारखी शरीरशुद्धी) झालेल्याने अभ्यंग करू नये, असा निषेधही तेथेच आहे. ऊन पाणी मानेखालच्या अंगाला बळ देते, मात्र तेच डोक्यावर घेतल्यास केसांचे व डोळ्यांचे बळ घटते, हेही त्याच अध्यायात सांगितले आहे. गिझरचे कढत पाणी थेट डोक्यावर घेणाऱ्या तरुण मंडळींना हे सांगून पाहावे. ऐकतील असे नाही.

गुळाचीही तीच गत आहे. थंडीत बाजारात नवा गूळ येतो, तो ओलसर आणि चवीला सुरेख असतो, आणि आपण तोच चिक्कीला व लाडवाला वापरतो. वाग्भट मात्र जुना गूळ पथ्यकर म्हणतो आणि नव्या गुळाने कफ वाढतो व अग्नी मंद होतो असे बजावतो. च्यवनप्राशाच्या मूळ पाठात पाचशे आवळे आहेत हे जाहिरातींमुळे अनेकांना ठाऊक असते. त्याच पाठात मात्रा सांगताना ‘जेवणाच्या आड येणार नाही इतकी’ असे म्हटले आहे, ते सहसा कोणी सांगत नाही. सकाळी दोन मोठे चमचे च्यवनप्राश, वर दूध, आणि नंतर भूक नाही म्हणून जेवण टाळणे हे त्या वाक्याच्या अगदी उलट आहे.

लाडू करूच नयेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. डिंकाचे खडे हरभऱ्याएवढे करून मंद आचेवर थोडे थोडे तळावेत, नाहीतर वरून फुललेला डिंक आत कच्चा राहतो आणि दाढेला चिकटतो. मेथीचे पीठ तुपात मुरवून ठेवावे, म्हणजे कडवटपणा उतरतो. हे सारे जपून करावे, पण लाडू लिंबाएवढा वळावा आणि सकाळी व्यायामानंतर एकच खावा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी वैद्याला किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय तोही घेऊ नये. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि लेकुरवाळी भाजी हा त्या मानाने अधिक सरळ आणि बसून काम करणाऱ्याला झेपणारा हिवाळी आहार आहे, त्याची शिफारस मात्र कुठे ठळकपणे दिसत नाही.

आपणास विनंती इतकीच की, यापुढे अशा पाककृतींखाली त्या कोणासाठी आहेत, त्यांबरोबर किती हालचाल हवी आणि त्या केव्हा बंद करायच्या, हेही छापावे. हेमंतात साचलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होऊन अग्नी मंद करतो, म्हणून जड, गोड, स्निग्ध पदार्थ व दिवसाची झोप वसंतात वर्ज्य सांगितली आहे. हा बदलही एका दिवसात न करता ऋतुसंधीच्या, म्हणजे दोन ऋतूंच्या सांध्यावरच्या, पंधरवड्यात हळूहळू करावयाचा असतो. बडोद्यात फेब्रुवारीच्या मध्यापासूनच ऊन चढू लागते, आणि होळीच्या धाणी-चण्यापर्यंत बहुतेक घरांत पाकाचा डबा अर्धा भरलेलाच असतो. तेव्हा ‘आता थांबा’ अशी चौकट फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच त्या पानावर यावी.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा