पोटातला दाबही मोजा

महोदय,

शस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात मी अठ्ठावीस वर्षं परिचारिका होते. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, लघवी यांची तासातासाची नोंद आम्ही डोळ्यांत तेल घालून ठेवायचो. पोटातल्या दाबाची मात्र कित्येक वर्षं एकदाही घेतली नाही.

एक रुग्ण अजून डोळ्यांसमोर आहे. आतडं फुटल्यामुळे ऑपरेशन झालेला, पन्नाशीचा शेतकरी. दुसऱ्या रात्री लघवी तासाला 10 मिलीवर आली, म्हणून आम्ही सलाइन वाढवलं. पहाटेपर्यंत पोट टम्म झालं, व्हेंटिलेटरचा अलार्म थांबेना. सकाळी आलेल्या ज्येष्ठ सर्जननी त्याला सपाट झोपवलं, लघवीच्या कॅथेटरमधून 25 मिली सलाइन मूत्राशयात सोडलं, नळी उभी धरली आणि मला फुटपट्टी लावायला सांगितलं. श्वास सुटल्यावर पाणी 36 सेंटिमीटरवर थांबलं. पोटातला दाब मूत्राशयावरही पडतो, म्हणून तो असा मोजता येतो. हे झाले पाऱ्याचे 26 मिलिमीटर. इतक्या आजारी माणसात हा दाब साधारण 5 ते 7 असतो. 12 किंवा त्यावर टिकला की वाढलेला, आणि 20 च्या वर टिकून एखादा अवयव नव्यानं बंद पडू लागला की जिवावरचा. पोट छातीला खालून रेटत होतं, किडन्या दाबल्या जात होत्या, आणि आमचं सलाइन आतड्यांची सूज वाढवत होतं. आदल्या संध्याकाळी मी त्या पोटावर हात ठेवून 'मऊ आहे' असं लिहिलं होतं. हाताला हा दाब नेमका कळत नाही.

दुपारी टाके उघडले. सलाइनच्या मोठ्या पिशवीचं निर्जंतुक प्लास्टिक कडेनं शिवून आतडी झाकली. कोलंबियाच्या राजधानीवरून हिला 'बोगोटा बॅग' म्हणतात. त्याची बायको मला म्हणाली, "सिस्टर, पोट शिवलंच नाही, म्हणजे तुम्ही हात टेकले का?" तिला हे आधी बसवून सांगायला हवं होतं. रात्री लघवीच्या पिशवीत 200 मिली जमली, ती मी तिला नेऊन दाखवली. पाचव्या दिवशी पोट बंद केलं.

प्रत्येकाचं पोट उघडावं लागत नाही, आणि उघडूनही सगळे वाचत नाहीत. वेळेत कळलं तर राइल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी), फ्लॅटस ट्यूब (गुदद्वारातून वायू काढणारी नळी), साचलेलं पाणी नळीनं काढणं, गुंगीचं औषध, सलाइनला आवर यांनीही दाब उतरतो. पण आधी तो कळायला हवा. धोका असलेल्या रुग्णात तो मोजावा, असं 2013 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. त्यासाठी महागडं यंत्र लागतंच असं नाही. कॅथेटर तर घातलेलाच असतो.

त्या शेतकऱ्यानंतर आम्ही आयसीयूच्या तक्त्यावर पेनानं एक रकाना आखला आणि दर सहा तासांनी आकडा भरू लागलो. सार्वजनिक आरोग्य विभागानं तो रकाना तक्त्यावर छापूनच द्यावा, ही माझी कळकळीची मागणी आहे.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा