सही पाहून एचिंग ओळखता येत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बायबलमधील प्रसंगांच्या जुन्या एचिंगवरील (कोरलेल्या तांब्याच्या प्लेटवरून छापलेल्या चित्रांवरील) लेख रविवार पुरवणीत वाचला. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या या कामाकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधल्याबद्दल आभार. मात्र ‘कोपऱ्यात सही आणि भोवती प्लेटचा दाब (छापताना प्लेटच्या कडेची कागदावर उमटलेली खूण) दिसला की प्रिंट अस्सल’ हे त्यातील विधान जुनी प्रिंट घेऊ पाहणाऱ्याला सरळ फसवणुकीच्या तोंडी देणारे आहे.

सही प्लेटवरच कोरलेली असते. शंभर वर्षांनी प्रत काढली तरी ती उमटणारच. उलट, ‘हंड्रेड गिल्डर प्रिंट’ म्हणून गाजलेल्या, साधारण १६४८ मधल्या एचिंगवर सही नाही आणि सालही नाही. ‘तीन क्रूस’ (१६५३) या ड्रायपॉइंटवर (थेट तांब्यावर सुईने कोरलेल्या चित्रावर) सही आली तीच मुळी तिसऱ्या अवस्थेत; प्लेटमध्ये बदल करून पुन्हा छापले की ती नवी अवस्था. आधीच्या दोन अवस्थांतल्या प्रती बिनसहीच्या.

खरा प्रश्न असा की, हाती असलेली प्रत प्लेटच्या आयुष्यात कधी निघाली? एचिंगमध्ये तांब्याच्या प्लेटवर मेणयुक्त थर देतात, सुईने तो खरवडून रेषा उघडी करतात आणि ॲसिड तेवढेच तांबे खाते. ही रेषा पुष्कळ टिकते. ड्रायपॉइंटमध्ये सुई थेट तांब्यावर चालते. तिच्या कडेला उठलेली खरबरीत धार शाई धरून ठेवते, त्यातून मखमली काळोख येतो. प्रेसच्या रुळाखाली ही धार मोजक्या प्रतींतच चेपली जाते, आणि मग काळ्याचे करडे होते.

‘हंड्रेड गिल्डर’मध्ये हे स्पष्ट दिसते. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातले प्रसंग एकत्र आणलेल्या या चित्रात डावीकडची माणसे उजेडात, काही तर नुसत्या बाह्यरेषेची. उजवीकडे अंधारातून आजारी पुढे येतात. हात जोडून गुडघ्यावर बसलेल्या बाईची सावली येशूच्या झग्यावर पडली आहे. इतकी नाजूक जागा झिजलेल्या प्लेटवरून कशी उतरणार? १७७५ मध्ये विल्यम बेली या मुद्राचित्रकाराने ती प्लेट पुन्हा कोरून प्रती काढल्या, नंतर तिचे चार तुकडे करून तेही स्वतंत्र छापले. तांबे रेम्ब्रांटचेच, पण त्या प्रतींना रेम्ब्रांटच्या काळातल्या प्रतींच्या रांगेत बसवणे चूक आहे. त्याच्या इतर अनेक प्लेट पॅरिसच्या बासाँ या प्रकाशकाकडे गेल्या आणि त्यांवरून पुढच्या मालकांनी विसाव्या शतकापर्यंत छपाई केली.

प्लेटच्या दाबाचेही तेच. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आमाँ-द्युराँने फोटोच्या मदतीने तांब्यावर उतरवून हुबेहूब प्रती छापल्या. तांब्यावरूनच छापल्यामुळे दाब खरा, शाईचा उठावही खरा. मागे त्याचा शिक्का असतो; तो कोणी खरवडला असेल, तर उजेडासमोर धरल्यावर तेवढ्या जागी कागद पातळ दिसतो.

म्हणून प्रिंट आधी फ्रेमबाहेर काढून बघावी. काचेआडून निर्णय करूच नये. दहापटीच्या भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ते ऑफसेट, म्हणजे आधुनिक यंत्रावरची छपाई, विषय संपला. नंतर प्रकाश तिरका टाकून रेषेवरची शाई कागदावर उठून दिसते का, हे पाहावे. धुऊन फार दाबलेल्या प्रतीत हा उठाव बसलेला असतो. मग कागद उजेडासमोर धरावा. त्या काळच्या युरोपीय हातकागदात साधारण अडीच सेंटीमीटरवर उभ्या रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या दाट बारीक रेषा असतात, नशिबाने जलचिन्हही (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण) सापडते. रेषाच नसलेला गुळगुळीत युरोपीय कागद अठराव्या शतकातला किंवा नंतरचा. (रेम्ब्रांटने जपानी कागद आणि चर्मपत्रही वापरले, त्यांना ही कसोटी लागू नाही.) शेवटी दाबाचे माप घ्यावे. ‘हंड्रेड गिल्डर’ सुमारे २८ बाय ३९ सेंटीमीटर आहे. ओला करून छापलेला कागद वाळताना आकसतो, त्यामुळे एखाद-दोन मिलिमीटरचा फरक चालेल, सेंटीमीटरचा नाही.

पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवलेली प्रिंट असेल तर यातले निम्मे तपासताच येत नाही. ती घरी सोडवायला जाऊ नये, कागद-संवर्धकाकडेच द्यावी.

पुरवणीत अशी चित्रे छापताना चित्राखालच्या ओळीत अवस्था, कागद आणि प्लेटचे माप द्यावे, ही विनंती.

आपला,
मुद्राचित्रणाचा एक अभ्यासक