दुपारचे पावणेचार आणि मिट्ट काळोख

तम्मा,

तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून नुसतं तम्मा, कन्नडमधला धाकटा भाऊ, आणि म्हणूनच हे पत्र असं उघड्यावर लिहिते. वडगावात श्रावणी सोमवारी इंटरनेटची वायर बदलायला आला होतास तो तू. वाचलंस तर ओळखशील.

कपाटावरचा कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगचा डबा, म्हणजे डीव्हीआर, बघणं तुझं काम नव्हतंच. मीच बोलून गेले, "ह्याची पण वायर काढून टाक, डीव्हीआर मेलाय." शनिवारी पहाटे दूध घ्यायला गेले तर गेटचं एक फाटक बिजागरीतून निखळून लोंबकळत होतं. शेजारच्या पोराची मोटरसायकल रात्री-अपरात्री येते, तेव्हा मी मनातल्या मनात निकाल लावून मोकळी झाले होते. पुरावा बघावा म्हणून टीव्ही लावला, तर रेकॉर्डिंग गुरुवारपर्यंतच. पुढे सगळं कोरं. दुकानात फोन केला. "हार्ड डिस्क गेली मावशी, 2018 चा डबा आहे, नवाच घ्या, 6500 होतील." ह्यांनी पैसे काढून ठेवलेसुद्धा होते. आणि शेजारणीशी माझं दोन दिवस बोलणं बंद.

तू डब्यावर नुसता तळहात ठेवलास. "नोड्री अक्का, बघा, डिस्क फिरतंय की." मीही हात ठेवला. आतून बारीक घरघर लागत होती. माग चालू की बंद, हे वडगावात आम्ही भिंतीपलीकडून ओळखतो, पण घरातल्या डब्याला हात लावायचं काही सुचलं नव्हतं. मग मेनूत जाऊन तू डिस्कची हालत दाखवलीस : नॉर्मल. आणि मग टीव्हीच्या कोपऱ्यातल्या त्या मुंगीएवढ्या आकड्यांवर बोट ठेवलंस. 4 जानेवारी 2000, रात्रीचे 11. भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे 10 वाजले होते.

बोटांवर काहीतरी मोजलंस आणि विचारलंस, "गुरुवारी अकराला करंट आला होता काय?"

मी गारच. आला होता! सकाळपासून गेलेला करंट अकराला आला तेव्हा मी अर्धवट राहिलेली चटणी मिक्सरला लावली होती. तुला कुणी सांगितलं?

मग तू सांगितलंस ते मला आता झोपेतसुद्धा सांगता येईल. डब्याच्या आत रुपयाएवढा सेल असतो. करंट नसला की घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला, की करंट आल्यावर आमचा डबा पुन्हा 1 जानेवारी 2000 च्या पहिल्या मिनिटापासून सुरू. रेकॉर्डिंग कुठंच गेलं नव्हतं, ते भलत्याच वर्षात जमा होत होतं आणि मी ते ह्या वर्षात शोधत होते. नंतर पुन्हा करंट गेला नाही हे नशीब, नाहीतर हिशेबाचा अजून गुंता झाला असता.

2 जानेवारी 2000 उघडलंस. दुपारचे पावणेचार, आणि बाहेर मिट्ट काळोख! त्या राखाडी चित्रात गल्लीतला तो मोकाट बैल सावकाश आला, गेटला पाठ लावली आणि घासत राहिला. बराच वेळ. फाटक निखळलं तसा दचकला, आणि मग उरलेल्या फाटकाला दुसरी बाजू लावली. खरी वेळ पहाटेचे पावणेतीन. तू हसलास, मला मात्र शेजारीण आठवली.

जुनं पुसून त्यावर नवं चढतं म्हणून एवढा तुकडा तू पेनड्राइव्हवर काढून दिलास. प्लग काढून चार स्क्रू सोडवलेस, कोपऱ्यावरच्या दुकानातून 3 व्होल्टचा सीआर 2032 आणून बसवलास, आणि घड्याळ इंटरनेटवरून वेळ घेईल असं करून ठेवलंस. ती सोय म्हणे डब्यात पहिल्यापासून होती, बसवणाऱ्याने चालूच केली नव्हती. सेलचे 40 रुपये तेवढे घेतलेस. उपास म्हणून खाल्लं काहीच नाहीस, नुसता चहा. पुन्हा येशील तो सोमवार सोडून ये.

तुझ्या मराठीला मी मधेच हसले, त्याचं मनावर घेऊ नकोस. माझं "स्वल्प स्वल्प" कन्नड ऐकून तूही तोंड फिरवलं होतंस, ते मी पाहिलं.

संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन मीच शेजारी गेले. संशयाचं काही बोलले नाही, नुसता बैल दाखवला. तिने तीनदा लावायला लावला. वेल्डर अजून आलेला नाही. बैल मात्र काल पुन्हा येऊन गेला, आणि ह्या वेळी तारीख बरोबर आहे.

तुझी,
वडगावची अक्का