शकीरा : इंग्रजीआधीची दहा वर्षे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत शकीरा या गायिकेवर नुकताच आलेला लेख वाचनीय होता. मात्र तिच्या कारकिर्दीचा आरंभ २००१ च्या ‘लाँड्री सर्व्हिस’ या अल्बमपासून धरल्यामुळे तिच्या घडणीची त्याआधीची दहा वर्षे लेखातून निसटली आहेत. २००१ मध्ये तिला इंग्रजी श्रोता मिळाला हे खरे, पण तोवर स्पॅनिश भाषक जगात ती नाव कमावून बसली होती.

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील बारांकिया शहरात १९७७ मध्ये जन्मलेल्या, लेबनीज वंशाच्या वडिलांच्या या मुलीचा पहिला अल्बम १९९१ चा आणि दुसरा १९९३ चा. दोन्ही सपशेल पडले. तरीही ध्वनिमुद्रण कंपनीने तिसरी संधी दिली आणि लुईस फर्नांदो ओचोआ या संगीत निर्मात्याच्या साथीने केलेला ‘पिएस देस्काल्सोस’ हा १९९५ चा अल्बम लॅटिन अमेरिकेत घरोघरी पोहोचला. पुढच्या अल्बमसाठी लिहिलेली गाणी ज्या बॅगेत होती ती बोगोटाच्या विमानतळावर चोरीला गेली, तेव्हा तिला नव्याने लिहायला बसावे लागले. १९९८ च्या त्या अल्बमचे ‘दोन्दे एस्तान लोस लाद्रोनेस?’, म्हणजे ‘चोर कुठे आहेत?’, हे नाव त्या चोरीवरूनच आले. त्यातल्या ‘ओहोस आसी’ या गाण्यात ती मध्येच अरबीत गाऊ लागते. आपल्याकडे जिची चर्चा कमरेपलीकडे क्वचितच जाते, तिचा नाच आणि हे गाणे एकाच लेबनीज घरातून आले आहे, हे तिथे लगेच ऐकू येते.

माझ्या मते तिची खरी उंची दिसते ती १९९९ मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झालेल्या ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ या थेट गायनाच्या अल्बममध्ये. इंग्रजी गाण्याचा आधार न घेता तिने तो सारा कार्यक्रम पेलला, एका गाण्याला तर मारियाची या मेक्सिकन लोकसंगीताच्या वादकांचा ताफा साथीला घेतला आणि या अल्बमने तिला पहिले ग्रॅमी मिळवून दिले. १९९९ मध्येच गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी कोलंबियातील ‘कांबिओ’ या नियतकालिकात तिच्यावर लेख लिहिला होता. नोबेल विजेत्या कादंबरीकाराला तिच्यावर लिहावेसे वाटले तेव्हा तिचा एकही इंग्रजी अल्बम आलेला नव्हता!

त्यानंतरचा प्रवास लेखात आलाच आहे. २००७ मध्ये ती मुंबईत गाऊन गेली तेव्हा गर्दीतील बहुतेकांना ‘हिप्स डोन्ट लाय’ची ओढ असणार, यात गैर काही नाही. ‘वाका वाका’बद्दल मात्र एक भर घालणे आवश्यक वाटते. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाच्या या गाण्याचे धृपद कॅमेरूनच्या ‘गोल्डन साउंड्स’ या वाद्यवृंदाच्या १९८० च्या दशकातील गाण्यावर बेतलेले आहे आणि दक्षिण आफ्रिकेचा ‘फ्रेशलीग्राउंड’ हा बँडही त्यात तिच्यासोबत आहे. असे असताना सारे श्रेय एकट्या शकीराच्या पदरात टाकणे योग्य नव्हे.

स्पेनमधील करचुकवेगिरीचे प्रकरण तिने २०२३ मध्ये आरोप मान्य करून, दंड भरून मिटवले. लेखात त्याला दिलेली जागा मला जास्त वाटली, कारण त्याच वर्षी अर्जेंटिनाच्या बिसारॅप या निर्मात्यासोबतच्या तिच्या स्पॅनिश गाण्याने लॅटिन ग्रॅमीत वर्षातील सर्वोत्कृष्ट गीताचा मान मिळवला आणि २०२४ च्या स्पॅनिश अल्बमला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाले, याचा उल्लेख एका ओळीतही नाही. लेखाचा पुढील भाग येणार असल्यास ही दोन्ही टोके, १९९५ ते २००० आणि २०२३ नंतरची, त्यात यावीत, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, डोंबिवली