मेंढ्या बसवाल तेव्हा

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर मेंढपाळांकडून सोडवलेल्या मुलांचा विषय निघाला आणि बाबा म्हणाले, "पोटची पोरं विकणारे कसले आईबाप?" तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबा, त्या कातकरी आदिवासींच्या घरात 'विकलं' असं कुणी म्हणत नाही. कातकऱ्याला स्वतःचं शेत नाही. दिवाळीनंतर सगळं घर वीटभट्टीवर जातं आणि पावसाळ्यात हाताला काम नसतं. त्यात दुखणं निघालं की कुणीतरी ओळखीचा येतो. पोराला मेंढरांमागे धाडा म्हणतो, दोन वेळचं खाईल, वर्षाला एक मेंढी देऊ. जाताना हातावर थोडे पैसे ठेवतो. 2022 च्या सप्टेंबरात इगतपुरी तालुक्यातली अशीच 10 वर्षांची मुलगी दगावली, तेव्हा कुठे नाशिक-नगरकडच्या वाड्यांवरची, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या मुक्कामांवरची, बाकीची मुलं सापडू लागली. काहींच्या आईबापांना मिळाले होते जेमतेम 500 रुपये.

1976 च्या कायद्याने अशी उचल म्हणजे वेठबिगारी. ते कर्ज तिथेच रद्द होतं, फेडायचं नसतं. हे बापाला आधी पटवावं लागतं, कारण पोरगं परत आणलं तर पैसे कुठून देऊ, या धास्तीने तोच गप्प बसलेला असतो. त्याला निर्दय म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आम्ही सोडवून आणलेला एक मुलगा पहाटे तीनला उठून बसायचा. तळहात बोरीच्या काट्यांनी चिरलेले. निजायला सांगितलं की विचारायचा, "मग कोकरं कोण सोडणार?"

सोडवून आणणं एका रात्रीत होतं. खरं काम पुढे. प्रांताधिकाऱ्यांकडून वेठबिगारीतून मुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं नाही तर पुनर्वसनाचा एक रुपयाही हलत नाही. पोराचा जन्म कुठे नोंदलेला नाही, आधार नाही, जातीचा दाखला नाही, आणि आश्रमशाळा हेच कागद मागते. घरी रेशनकार्ड आणि रोजगार हमीचं काम पोचलं नाही तर पुढच्या पावसाळ्यात तोच माणूस पुन्हा दारात. आई, माझे दिवस यातच जातात. वाड्यावर मी एकटी कधीच जात नाही, पोलीस आणि कामगार अधिकारी सोबत असतात. तेवढी काळजी तू सोड.

आता तुमच्याकडे एक मागणं. आपल्या रानात खतासाठी दरवर्षी मेंढ्या बसतात. धनगरांची स्वतःची पोरंही कळपामागे असतात, तेव्हा सरसकट संशय नको. पण एखादं पोरगं सगळ्यांच्या मागून जेवत असेल, बाजूला निजत असेल, आई कुठे म्हटल्यावर खाली बघत असेल, तर त्याला चहाला बोलवा आणि गाव विचारा. मालकासमोर नको. वाड्यावर भांडायलाही जाऊ नका, बाबा. रातोरात वाडा हलतो आणि पोरगं हाती लागत नाही. सरळ 1098 लावा, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे ती. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो. मुलाला ताब्यात घेतल्यावर 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, बालकल्याण समितीपुढे न्यावंच लागतं, म्हणजे त्याला पुन्हा वाड्यावर परस्पर कुणी पाठवू शकत नाही.

शेजारच्या काकांनाही हे सांगून ठेवा. मेंढ्या त्यांच्या रानात आपल्या आधी बसतात.

तुमची,
नीलू