फ्रॅक्टलवाल्या सॉफ्टवेअरचा चेक फाडण्याआधी

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

आपल्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या मराठी घरांत अजून मोडीचे कागद ट्रंकेत पडून आहेत. आमच्या छोट्या ट्रस्टने वर्गणी काढून ते स्कॅन करायला घेतले, फाइली भल्यामोठ्या झाल्या, हार्डडिस्क भरली, आणि तेवढ्यात एकजण फ्रॅक्टल कॉम्प्रेशनचं, म्हणजे चित्राची फाइल लहान करायचं, सॉफ्टवेअर विकायला आला. आम्ही चेक लिहायच्या बेतात होतो, म्हणून हे पत्र.

डेमोत नेच्याचं पान, ढग, डोंगर. आठपट मोठं केलं तरी चौकोन दिसेनात, सगळे खूश. मी म्हटलं आता आमचं पान टाका, पेनड्राइव्हवर आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीतलं होतं. ते कॉम्प्रेस व्हायलाच नऊ मिनिटं लागली, उघडलं मात्र लगेच, आणि मोठं करून बघतो तर एक अनुस्वाराचा ठिपका वरच्या रेघेला चिकटलेला आणि शेजारच्या आकड्याचं शेपूट पुसल्यासारखं. वहीत आकडाच लागत नसेल तर त्या स्कॅनचं करायचं काय?

असं का होतं ते नंतर वाचून कळलं. हे सॉफ्टवेअर चित्राचे छोटे चौकोन पाडतं, प्रत्येकासाठी त्याच चित्रात त्याच्यासारखा दिसणारा मोठा चौकोन शोधतं, तो लहान करून, फिरवून, उजेड कमीजास्त करून बसवतं आणि फाइलीत फक्त ही कृती ठेवतं. शोधाशोधीतच वेळ जातो. नेच्यात पानासारखंच छोटं पान असतं म्हणून तिथे ते झकास चालतं, मोडीच्या फराट्यात तसं काही नसतं. आणि झूम केल्यावर जो बारकावा दिसतो तो कागदावरचा नाहीच, चित्रातल्याच दुसऱ्या तुकड्यावरून रचलेला! ही पद्धत काढणारे गणितज्ञ मायकेल बार्न्सली यांनी 1988 मध्ये 10,000 ला 1 पेक्षा जास्त कॉम्प्रेशनचा दावा केला होता, पण तो खास निवडलेल्या चित्रांवर आणि माणसाने हाताने मदत करून.

त्यामुळे कुणी आकडा सांगितला की आधी विचारा, मूळ फाइल कुठली धरली, कारण मोठं केलेल्या चित्राशी तुलना केली की आकडा आपोआप फुगतो. आपलंच सगळ्यात वाईट, डाग पडलेलं पान द्या, तेवढ्याच केबीची जेपेग बनवून शेजारी ठेवा आणि मोडी वाचणाऱ्याला न सांगता दोन्ही वाचायला द्या, आम्ही हेच केलं आणि आमच्या वाचणाऱ्या काकांनी जेपेगवर बोट ठेवलं. विक्रेत्याचं दुकान बंद झालं तर फाइल दुसऱ्या कशात उघडेल का, हेही लेखी घ्या. आम्हाला ते लेखी मिळालं नाही.

आता स्कॅनच्या मूळ टिफ फाइली तशाच ठेवल्यात, दोन हार्डडिस्कवर, एक ट्रस्टमध्ये आणि एक माझ्या घरी.

आपला,
एक वाचक, बडोदा