वडिलांच्या कोरड्या त्वचेविषयी मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

वृद्धनिवासातील तपासणीत वडिलांच्या नावापुढे ‘त्वचेमुळे जीवनमानावर विशेष परिणाम नाही’ असा शेरा आला, असे तू कळवलेस. त्या शेऱ्यावर फार विसंबू नकोस. त्यासाठी वापरलेली दहा प्रश्नांची प्रश्नावली १९९४ साली ब्रिटनमधील कार्डिफच्या त्वचारोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केली. ती चांगलीच आहे, पण गेल्या आठवड्यात त्वचेमुळे खरेदीला, खेळायला किंवा कामावर जाण्यात अडचण आली का, असे ती विचारते. खोलीपासून जेवणघरापर्यंतच ज्यांची ये-जा आहे, त्यांचे गुण (जितके जास्त, तितका त्रास अधिक) शून्याच्या आसपासच राहणार! खाजेचा प्रश्न एकच, आणि झोपेचा तर एकही नाही. शिवाय ‘वय झाले, चालायचेच’ म्हणणारी ही पिढी आपणहून तक्रार करत नाही.

म्हणून पुढच्या भेटीत विचारण्याऐवजी स्वतः पाहा. पायमोजा उलटा केल्यावर कोंड्यासारखी पापुद्र्यांची भुकटी पडते का, नडग्यांवर बारीक भेगा आहेत का, चादरीवर खाजवल्याने आलेले रक्ताचे ठिपके आहेत का, हे पाहा. खाज रात्री वाढते. दिवसा ते खुर्चीत पेंगतात, त्याचे कारण कदाचित तेच असेल.

उतारवयात तैलग्रंथी आणि घर्मग्रंथी मंदावतात, त्वचेच्या वरच्या थरातील स्निग्धांश घटतो आणि पाणी टिकत नाही. त्यात कढत पाणी आणि साबण यांची भर पडते. त्वचेचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) साधारण ५, म्हणजे किंचित आम्लधर्मी, तर नेहमीच्या साबणाचा ९ ते १०, म्हणजे अल्कधर्मी. तेव्हा आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात व्हावी, सौम्य साबण काखा, जांघा आणि पावलांपुरताच लावावा, आणि अंग टिपल्यावर ओलसरपणा असतानाच ग्लिसरीनचे किंवा ५ ते १० टक्के युरियाचे मलम लावावे. भेगांवर युरिया झोंबतो, तिथे साधे व्हॅसलीन बरे. ऑस्ट्रेलियातील वृद्धनिवासांत दिवसातून दोनदा मलम लावल्यावर कातडी फाटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते. तळपायांना लावल्यावर मात्र वडिलांना लगेच चालू देऊ नये, पाय घसरेल.

खाजेसाठी झोप आणणारी ॲलर्जीची गोळी परस्पर सुरू होऊ देऊ नकोस. या वयात तिने भ्रम होतो, तोल जातो. शेजारच्यांनाही खाज सुटली असेल तर खरूज नाही ना, हे आधी तपासून घ्यावे. मलमाने फरक पडला नाही तर मूत्रपिंड आणि थायरॉईडची तपासणी करावी. मलम कोण आणि केव्हा लावणार, हे रोजच्या नोंदवहीत लिहून घे. नाहीतर डबी कपाटातच राहते.

वडिलांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
माधव